विश्लेषण : जीपच्या पुढच्या चाकांचे अलाइनमेंट घरच्या अंगणात करता येते का?

वेल्ह्याहून केळद, मढे घाटाकडे निघालेल्या जीपगाड्यांना वाटेत पासली लागते. अशा डोंगरी रस्त्यावर पावसाळ्यात चाक खड्ड्यात आदळले आणि टाय रॉड वाकला किंवा बदलावा लागला, की पुढच्या चाकांची दिशा बिघडते. मशिनवर अलाइनमेंट करायचे तर वेल्हे, मार्गासनी ओलांडून महामार्गाकडे उतरावे लागते, तेही त्याच बिघडलेल्या चाकांवर. टेप, खडू आणि दोन पाने घेऊन हे काम अंगणात होईल का? उत्तर गाडीच्या पुढच्या ॲक्सलवर अवलंबून आहे.

कोणत्या गाड्यांचे होते?

अलाइनमेंट म्हणजे कॅम्बर, कॅस्टर आणि टो हे तीन कोन. विलिस धाटणीच्या जुन्या महिंद्रा जीप, मारुती जिप्सी आणि २०२३ मध्ये भारतात आलेली जिम्नी यांना पुढे एकसंध ॲक्सल असतो. त्यात कॅम्बर आणि कॅस्टर ॲक्सलच्या घडणीनेच ठरलेले असतात. नट फिरवून बदलता येतो तो फक्त टो. २०२० ची थार, बोलेरो, स्कॉर्पिओ यांची पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असतात. त्यांचा टो घरी तपासता येईल, पण कॅम्बर-कॅस्टरसाठी मशिनच हवे.

टो बिघडला तर काय होते?

चालताना पायांचे चवडे आत वळलेले असावेत, तशी चाके पुढून आत झुकली की टो-इन. बाहेर झुकली की टो-आउट. विलिस जीपसाठी साधारण १ ते २.५ मिलिमीटर टो-इन ठेवतात. इतर गाड्यांसाठी मॅन्युअलमधला आकडाच पाळावा. समजा, फरक १० मिलिमीटर झाला. टायरचा व्यास ७०० मिलिमीटर धरला, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे सात मीटर आडवे घासत जाते. (गणित सोपे आहे : ५ भागिले ७००.) टो-इन जास्त असेल तर टायरची बाहेरची कड झिजते, टो-आउट असेल तर आतली. टायरवरून आडवा हात फिरवल्यास एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागते.

मोजायचे कसे?

सपाट जागा शोधणे हेच डोंगरातले अवघड काम. गवंड्याची पाण्याची नळी इथे उपयोगी पडते. दोन्ही टायरची हवा सारखी करावी. चाक हलवून बेअरिंग आणि टाय रॉडचे बॉल जॉइंट ढिले नाहीत ना, हे पाहावे. ते ढिले असतील तर मोजमापाला अर्थ नाही.

मागच्या चाकांना दगड लावून पुढचा ॲक्सल जॅकने उचलावा आणि स्टँडवर टेकवावा. चाक फिरवत टायरच्या मधोमध खडू लावून त्यावर खिळ्याने बारीक रेघ मारावी. गाडी खाली घेऊन, स्टिअरिंग सरळ ठेवून दोन-तीन मीटर पुढे ढकलावी, म्हणजे सस्पेन्शन जागेवर बसते. मग दोघांनी टेप धरून दोन रेघांमधले अंतर आधी पुढून, नंतर मागून, जमिनीपासून सारख्याच उंचीवर मोजावे. मागचे अंतर जितके जास्त, तितका टो-इन.

दुरुस्ती करताना

टाय रॉडचे चेक नट ढिले करून रॉड पाव-पाव फेरा फिरवायचा. रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर तो लांबवल्याने टो-इन वाढतो, पुढे असेल तर कमी होतो. इथेच बहुतेकांची गल्लत होते. प्रत्येक बदलानंतर गाडी पुन्हा पुढे ढकलून मोजावे. स्टिअरिंग व्हील तिरके राहिले तर ड्रॅग लिंकने सरळ करावे; व्हील काढून फिरवून बसवू नये, त्याने स्टिअरिंग बॉक्सचा मध्य चुकतो.

वाकलेला रॉड ठोकून सरळ करणे मात्र टाळावे. तो घाटात तुटला तर चाके चालकाच्या हातात राहत नाहीत. गाडी एका बाजूला ओढत असेल तर टोवर संशय घेण्याआधी हवा आणि चिकटलेला ब्रेक तपासावा. नट आवळल्यावर पहिली चाचणी सपाट रस्त्यावर, कमी वेगात घ्यावी. शंभरेक किलोमीटरनंतर चेक नटला पुन्हा पाना लावून पाहावा.