हळद, आरएनए आणि कर्करोग

मानवी जनुकसंचयाचा जेमतेम दीड टक्का भाग प्रथिनांच्या घडणीचा मजकूर वाहतो. उरलेल्या अफाट भागाकडे निरुपयोगी अडगळ म्हणून पाहण्याची वहिवाट दीर्घकाळ चालली. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रवकुन यांनी १९९३ साली मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत, स्वतः कोणतेही प्रथिन न घडविणारा, परंतु दुसऱ्या जनुकाचे कार्य रोखून धरणारा सुमारे २२ घटकांचा चिमुकला आरएनए दाखवून दिला, तरी त्या शोधास नोबेल पारितोषिक मिळावयास २०२४ साल उजाडावे लागले.

या मायक्रोआरएनएचा अधिकार कचेरीतील मुरलेल्या कारकुनासारखा असतो : जनुकाचा हुकूम सुटला, तरी त्याची अंमलबजावणी होऊ द्यावयाची की तो मध्येच दडपावयाचा, हे तो ठरवितो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ‘मायक्रोआरएनए-२१’ बेसुमार वाढतो आणि पेशींच्या वाढीस लगाम घालणाऱ्या ‘पीडीसीडी-४’ या प्रथिनाची निर्मिती दडपतो. हळदीतील कुर्क्युमिन या आरएनएच्या निर्मितीलाच पायबंद घालते, त्यामुळे ते प्रथिन पेशीत पुन्हा टिकून राहते आणि पेशींची आक्रमकता घटते, असे २०११ साली प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर दिसून आले. हिरव्या चहातील ईजीसीजी हे द्रव्य यकृताच्या कर्कपेशींत ‘मायक्रोआरएनए-१६’ वाढवून त्यांना आत्मनाशाकडे नेते, असेही आढळले आहे.

परंतु काचेच्या बशीतील पेशी आणि मनुष्यदेह यांत मोठे अंतर आहे. तैवानमधील २००१ सालच्या चाचणीत रोज आठ ग्रॅम कुर्क्युमिन घेणाऱ्यांच्या रक्तातही त्याचे प्रमाण लिटरमागे सरासरी दोन मायक्रोमोलच्या आतच राहिले. बशीतील प्रयोगांत बहुधा त्याच्या अनेक पट मात्रा वापरतात. शिवाय हळदीत कुर्क्युमिन सुमारे तीन टक्केच असल्याने, आठ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून अधिक हळद पोटात घालावी लागेल. मिरीतील पायपेरीन त्याचे शोषण वाढविते खरे. पण तेच पायपेरीन इतर औषधांच्या विघटनातही ढवळाढवळ करू शकते.

वनस्पती कर्करोगावर औषध देऊ शकतात, याचा दाखला सदाफुलीपासून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टिनने केव्हाच दिला आहे; मात्र ते शुद्ध करून, मात्रा ठरवून आणि रुग्णांवर पारखूनच रुजू झाले. कुर्क्युमिनने ही परीक्षा अद्याप पार केलेली नाही. तेव्हा हळद भाजीत खुशाल घालावी; तिच्या गोळ्या मात्र उपचार घेणाऱ्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत.