पेढी, बंदर आणि मतपेटी

मतदार मत देताना स्वतःचा लाभ-हानीचा हिशेब मांडतो, की जात, धर्म आणि भीती यांच्या ओघात वाहून जातो, हा वाद जुना आहे. अलीकडच्या काळात अर्थशास्त्रज्ञांनी तो व्यासपीठावरून खाली उतरवून आकड्यांच्या कसोटीवर घासण्यास आरंभ केला. त्यांतील दोन संशोधने व्यापारी कुटुंबांनी अवश्य ध्यानात घ्यावीत अशी आहेत. दोन्हींशी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक सौमित्र झा यांचे नाव निगडित आहे. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच: परक्या समाजाशी आर्थिक हितसंबंध जुळले, तर त्याच्याविषयीचे राजकीय मत बदलते काय?

पहिले संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले आणि ते आपल्याच किनाऱ्याविषयी आहे. युरोपीय सत्ता समुद्रावर प्रबळ होण्यापूर्वी ज्या बंदरांतून अरबस्तान व इराणकडे व्यापार चाले, ती गावे झा यांनी निवडली आणि तशाच इतर गावांशी त्यांची तुलना केली. या बंदरांत हिंदू-मुस्लिम वस्ती अधिक मिश्र होती. त्यामुळे तेथे तंटेही अधिक असतील, असा सर्वसाधारण तर्क कोणीही करील. प्रत्यक्षात १८५० ते १९५० या शतकात तेथे दंगलींचे प्रमाण सुमारे पाच पटींनी कमी आढळले. विशेष म्हणजे यांतील कित्येक बंदरे तोवर गाळाने भरून निकामी झाली होती. जहाजे येईनाशी झाली, तरी सलोख्याची रीत मागे उरली.

याचे कारण झा यांनी जे दिले आहे ते पेढीवर बसणाऱ्यास चटकन उमगेल. हज यात्रेच्या निमित्ताने मक्केत भरणारी बाजारपेठ त्या काळी जगातील मोठ्या बाजारपेठांपैकी एक होती. तेथील ओळखी, पत आणि प्रवेश मुस्लिम व्यापाऱ्यांपाशी होता. येथील माल, दलाली आणि सावकारी स्थानिक व्यापाऱ्यांच्या हाती होती. एकाचे काम दुसऱ्यास करता येण्याजोगे नव्हते, आणि लुटून नेता येण्याजोगे तर मुळीच नव्हते. दुकान जाळता येते, वखार फोडता येते. दूरदेशीच्या बाजारातली पत कशी लुटणार? म्हणून शेजाऱ्यास हाकलून देण्यात कोणाचाच लाभ नव्हता.

याची साक्ष शिलालेखांतही सापडते. १२६४ साली होर्मुझचा नाखुदा नूरुद्दीन फिरोझ याने सोमनाथ पाटण येथे स्थानिक प्रतिष्ठितांच्या संमतीने मशिदीसाठी जागा घेतली. महमूद गझनीच्या स्वारीस तेव्हा अडीचशे वर्षेही लोटली नव्हती. तेथील संस्कृत लेखात हिजरी, विक्रम, वलभी आणि सिंह अशा चार कालगणनांनी वर्ष नोंदवले आहे. दस्तऐवजाविषयीची ही दक्षता निव्वळ व्यापाऱ्याची म्हणावी लागेल! त्याच शतकात कच्छमधील भद्रेश्वरचे श्रेष्ठी जगडूशाह होऊन गेले. दुष्काळात धान्याची कोठारे खुली करणारे दानवीर म्हणून जैन परंपरा त्यांना ओळखते. त्यांचा व्यापार होर्मुझपर्यंत पसरला होता. त्यांनी जिनमंदिरांबरोबर मशीदही बांधवून दिली, असे ‘जगडूचरित’ या संस्कृत काव्यात नमूद आहे. त्यांच्या औदार्यास धर्मबुद्धीचे अधिष्ठान होतेच. पण ते औदार्य व्यवहाराशी विसंगत नव्हते, हेही तितकेच खरे.

इतिहासावरून काढलेल्या निष्कर्षावर एक आक्षेप नेहमी येतो: शांत स्वभावाच्या माणसांनीच कदाचित अशी गावे वसवली असतील. या शंकेची उलट तपासणी झा आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील मोझेस शायो यांनी केली. इस्रायलमधील २०१५ च्या निवडणुकीपूर्वी त्यांनी तेराशेहून अधिक मतदारांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींना इस्रायली वा पॅलेस्टिनी समभाग दिले, काहींना दिले नाहीत. रक्कम मामुली होती. राजकारणाचा एक शब्दही कोणास सांगितला नाही. केवळ सुमारे सात आठवडे भाव पाहून खरेदी-विक्री करावयास लावले. समभाग मिळालेल्यांचा कल शांततावाटाघाटींना अनुकूल पक्षांकडे वाढला, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसते. हा कल विशिष्ट पक्ष जिंकल्यास हाती पैसा येईल या आशेने वाढला नव्हता, हेही त्यांनी तपासले. रोज भाव पाहणाऱ्यास संघर्षाची किंमत दिसू लागते, असा याचा अर्थ.

मात्र ‘व्यापार वाढवा, सलोखा आपोआप येईल’ असा सोपा अर्थ कोणी काढू नये. एकाच गल्लीत एकाच मालाची दोन दुकाने असतील आणि ती दोन समाजांची असतील, तर तेथे सलोख्याऐवजी चढाओढ वाढण्याचाच संभव. अशा ठिकाणी अमुक समाजाकडून माल घेऊ नका, हे आवाहन तत्काळ कानी शिरते, कारण प्रतिस्पर्धी दूर होण्यात एखाद्यास फायदा दिसतो. सार्वजनिक धोरण आखणाऱ्यांनी म्हणूनच एकूण उलाढालीपेक्षा, कच्चा माल, कारागिरी, उधारी आणि विक्री या साखळीत कोण कोणावर अवलंबून आहे, याकडे पाहावयास हवे.

सुरतेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी दाखवल्याप्रमाणे १९९२-९३ च्या दंगलीत जुने सुरत शहर बहुतांशी शांत राहिले. तेथे हिंदू आणि मुस्लिम व्यावसायिकांचे पिढ्यान् पिढ्यांचे देणे-घेणे होते. हिंसाचार उसळला तो मुख्यतः बाहेरून आलेल्या कामगारांच्या नव्या झोपडवस्त्यांत. शहर एकच, उद्योगही बहुधा तेच. पण त्या वस्त्यांत एकाचे नाव दुसऱ्याच्या खातेवहीत नव्हते.