वाहनाच्या तळाचा गंज व त्याचे निवारण

आंबा, काजू, मासळी, दूध व खते यांची ने-आण करण्यासाठी कोकणातील अनेक शेतकऱ्यांजवळ आता जीप किंवा पिकअप गाडी असते. गाडीच्या वरच्या रंगाला ओरखडा गेला तर मालकाचे लक्ष तत्काळ तिकडे जाते. परंतु तिचा तळ वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. गंजाचे खरे काम तेथेच चालते. चॅसिस, स्प्रिंगांचे आधार आणि ब्रेकचे तेल वाहून नेणारे पोलादी पाइप हे सर्व तळाशीच असतात. गंजाने पातळ झालेला ब्रेकचा पाइप नेमका जोराने ब्रेक दाबतेवेळीच फुटण्याचा संभव अधिक, कारण त्या क्षणी आतील दाब सर्वांत जास्त असतो. खताची पोती भरून कुंभार्ली घाट उतरणाऱ्या गाडीच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको.

गंज कसा चढतो

लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू यांचा संयोग झाला म्हणजे गंज उत्पन्न होतो. पाण्यात क्षार विरघळलेले असले म्हणजे त्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सुलभतेने वाहतो व ही क्रिया झपाट्याने होते. समुद्रकाठची खारी हवा व मासळीच्या पेट्यांतून ठिबकणारे खारे पाणी म्हणूनच घातक ठरते. खतेही तितकीच घातक होत. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये जवळजवळ निम्मा भाग क्लोराइडचा असतो. युरिया तर ३० अंश सेल्सिअस तापमानास, हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७३ टक्क्यांच्या वर गेली की आपोआप ओलावा शोषून घेतो. पावसाळ्यात कोकणची हवा बहुतेक काळ याहून दमट असते. अर्थात फटीत सांडलेले खत गाडी उभी असतानाही ओलेच राहते.

चिखलाचे कार्य अधिक फसवे असते. मडगार्डच्या आत साचलेल्या चिखलाखाली हवा कमी पोचते व त्याच्या कडेला भरपूर मिळते. या फरकामुळे, जेथे हवा कमी तेथीलच लोखंड झिजू लागते. म्हणूनच कोरडा दिसणारा चिखलाचा पोपडा काढला असता त्याखाली पत्रा चाळणीसारखा झालेला आढळतो.

लेपापूर्वी स्वच्छता

तळाला डांबरी लेप लावला की काम संपले, अशी समजूत सर्वत्र दिसते. ओल्या, मळक्या किंवा गंजलेल्या लोखंडावर लावलेला लेप ओलावा व क्षार आत कोंडून ठेवतो. वरून तळ काळाभोर व निरोगी दिसतो आणि आत गंज निर्वेध वाढत राहतो. असा लेप न लावलेला बरा, कारण उघडा गंज निदान दृष्टीस तरी पडतो.

प्रथम गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावावी. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. मजबूत स्टँडचा आधार द्यावा. नंतर मडगार्डच्या आतील बाजू, चॅसिसच्या खाचा व सांधे गोड्या पाण्याने भरपूर धुवावेत. दारांच्या व चॅसिसच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे ठेवलेली असतात, ती काडीने मोकळी करावीत व पुढे लेपानेही बुजू देऊ नयेत. गाडी एक-दोन दिवस उन्हात पूर्ण वाळू द्यावी.

त्यानंतर सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशाने काढावेत. हे करताना डोळ्यांना चष्मा व नाकातोंडाला फडके असावे. संशयित जागी लहान हातोडीने हलके ठोकून पाहावे. चांगले लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. चॅसिसला भोक पडले असेल किंवा ब्रेकच्या पाइपावर खड्डे दिसत असतील तर लेपाने ते झाकू नये. कुशल कारागिराकडून दुरुस्ती करून घ्यावी किंवा पाइप बदलावा.

लेप कोणता व कोठे

उघड्या पडलेल्या लोखंडाचा तेलकटपणा पुसून त्यास जस्तयुक्त किंवा रेड ऑक्साइड प्राइमर द्यावा व तो वाळल्यावर तळासाठी तयार मिळणारा लेप लावावा. पूर्वी शिशाचा लाल प्राइमर वापरीत. शिसे विषारी असल्याने तो टाळावा. चॅसिसच्या पोकळ भागात मेणयुक्त द्रव फवारणे उत्तम, कारण तो बारीक सांध्यांतही झिरपतो. सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम व डिस्क, रबरी नळ्या आणि ग्रीस भरण्याच्या जागा यांवर लेप मुळीच लावू नये. तप्त सायलेन्सरवरील लेप पेट घेऊ शकतो.

इंजिनातून काढलेले जळके ऑइल फासण्याचा प्रघातही सोडून द्यावा. त्याने रबरी भाग फुगून निकामी होतात व ठिबकलेले तेल पावसाच्या पाण्याबरोबर शेतात व विहिरीत जाते.

वर्षभराचा क्रम

मृगापूर्वी, कडक ऊन असतानाच, धुणे, वाळविणे व लेप ही कामे उरकून घ्यावीत. दिवाळीच्या सुमारास तळ पुन्हा तपासून दगडांनी उडालेला लेप दुरुस्त करावा. खत किंवा मासळी वाहून आणल्यावर गाडी त्याच दिवशी धुवावी. गाडी गवतावर किंवा ओल्या मातीवर उभी न करता कठीण मुरूम अथवा फरशीवर, वारा खेळेल अशा जागी ठेवावी.

या सर्वांत खर्चाचे काम लेपाचे. परंतु अधिक संरक्षण मिळते ते पाणी, ऊन व मोकळी छिद्रे यांपासून, आणि ती प्रत्येक शेतकऱ्याच्या अंगणात उपलब्ध आहेत.