महामारीच्या काळातील घरची रोजकीर्द

व्यापाऱ्याच्या घरी वहीचे स्थान देव्हाऱ्याच्या जवळचे. वीरनिर्वाणाच्या मंगल प्रसंगी आपण नव्या वहीचे पूजन करतो आणि त्या दिवसापासून आल्या-गेल्या पैशाची नोंद तीत चढू लागते. एका दिवसाची जमा पाहून कोणी पेढीची स्थिती ठरवीत नाही. ओळीने मांडलेल्या नोंदी वाचल्या म्हणजेच पेढी चढती आहे की उतरती, हे कळते. शरीराचेही तसेच आहे. साथीच्या दिवसांत घरी तापमापक, ऑक्सिमीटर आणि चाचणीची पेटी आली. परंतु त्यांनी सांगितलेले आकडे कसे लिहावे आणि कसे वाचावे, हे पुष्कळ घरांत कोणी समजावून दिले नाही. तेवढ्याच गोष्टीचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

१९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई बंदरातून आगगाडीच्या वाटेने देशभर पसरली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी सामान्य घरात रोग्याची परीक्षा म्हणजे कपाळावर ठेवलेला हात एवढीच होती. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला जागतिक महामारी म्हटले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. पाटणकर बाजाराची फळी बंद झाली. त्या वर्षी आरंभी नमुन्यांची तपासणी मुख्यतः प्रयोगशाळांत होत असे. आपल्या ग्वाल्हेरातील संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेनेही त्या कामी हात लावला. १ जुलै २०२० पासून मध्य प्रदेशात ‘किल कोरोना’ अभियानाची पथके आणि १५ सप्टेंबरपासून महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेची पथके घरोघर फिरली. सौम्य रोग्यास घरीच वेगळे ठेवण्यास सरकारने मान्यता दिली होती. अशा रीतीने घराची एक खोली रुग्णालयाची खोली झाली आणि घरातील सून, मुलगा अथवा बहीण परिचारिका झाली.

ह्या साथीचे एक लक्षण फसवे होते. रक्तातील प्राणवायू धोक्याच्या पातळीपर्यंत उतरला तरी रोगी बोलत असे, चहा घेत असे, प्रसंगी हिशेबही पाहत असे. ह्याचे कारण असे की, धाप लागण्याची जाणीव मुख्यत्वे रक्तात साचणाऱ्या कर्बवायूमुळे होते. फुप्फुसे कर्बवायू बाहेर टाकीत राहिली तर प्राणवायू घटत असूनही मनुष्यास गुदमरल्यासारखे वाटत नाही. म्हणून ‘मला काही होत नाही’ हा रोग्याचा शब्द येथे पुरेसा नसतो.

ही उणीव ऑक्सिमीटरने भरून काढली. जपानमधील ताकुओ आओयागी ह्या अभियंत्याने १९७० नंतरच्या दशकात ह्या यंत्राचे तत्त्व शोधले. बोटाच्या एका बाजूने तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडले जातात. प्राणवायूने भरलेले रक्त आणि त्यावाचूनचे रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर होणारा फरक मोजून यंत्र शेकड्याचा आकडा दाखविते. यावरूनच त्याच्या चुकाही कळतात. बोट गार असेल, नखास रंग वा बोटास मेंदी असेल, हात हलत असेल तर आकडा चुकतो. सावळ्या त्वचेवर तो कधी कधी वास्तवापेक्षा जास्त दिसतो. भ्रमणध्वनीच्या काचेवर बोट ठेवून प्राणवायू मोजण्याचा दावा करणाऱ्या ॲपवर तर भरवसा ठेवूच नये.

माप घेण्याची रीत सोपी आहे. रोग्याने पाच मिनिटे स्वस्थ बसावे, हात ऊबदार करावा, मधले अथवा तर्जनीचे बोट यंत्रात घालावे आणि निदान एक मिनिट थांबावे. आकडा स्थिर झाल्यावरच लिहावा. दिवसातून तीन वेळा, ठरलेल्या वेळी, तारीख, वेळ, ताप, प्राणवायू, नाडी आणि मिनिटास श्वास किती, असे सहा रकाने भरावेत. श्वास मोजताना रोग्यास सांगू नये. सांगितले की तो आपोआप श्वास बदलतो.

समजा, घरातील वडील साठीचे आहेत. पहिल्या दिवशी प्राणवायू ९८, तिसऱ्या दिवशी ९७, पाचव्या दिवशी ९६ आणि सहाव्या दिवशी सकाळी ९५ लिहिला आहे. यांतील कोणताही एक आकडा सुटा पाहिला तर तो निरोगी माणसाच्या ९५ ते १०० ह्या मर्यादेतच पडतो. परंतु चार नोंदी एकाखाली एक वाचल्या की उतार स्पष्ट दिसतो. ज्या पेढीची रोख अशी रोज घटते, तिचा धनी शिल्लक संपण्याची वाट पाहत नाही. त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा. कारण प्राणवायू आरंभी सावकाश उतरतो आणि एका पातळीनंतर झपाट्याने कोसळतो. २०२१ मधील सरकारी मार्गदर्शनानुसार ९० ते ९३ प्राणवायू अथवा मिनिटास २४ वा अधिक श्वास म्हणजे मध्यम आजार आणि ९० च्या खाली अथवा ३० हून अधिक श्वास म्हणजे तीव्र आजार मानला गेला. आकडा ९४ च्या खाली स्थिर राहिला तर डॉक्टरांना कळवून रुग्णालयाची वाट धरावी. वाहन येईपर्यंत रोग्यास पालथे निजविल्याने श्वासास साहाय्य होते.

महाराष्ट्रात सहा मिनिटे चालण्याची परीक्षाही प्रचारात आली. बसून घेतलेला आकडा लिहावा, सपाट जागी सहा मिनिटे चालावे आणि पुन्हा मोजावे. वयोवृद्धांनी तीन मिनिटे पुरे. आकडा तीनहून अधिक अंशांनी उतरला अथवा ९३ च्या खाली गेला तर फुप्फुसांची उधारी वाढली, असे समजावे. दमेकऱ्याने, तसेच ज्याचा बसल्या जागीच आकडा कमी आहे त्याने, ही परीक्षा करू नये.

तापमापकाविषयी एकच सूचना. गरम चहा अथवा गार पाणी घेतल्यावर लगेच तोंडात तापमापक ठेवू नये. काखेतील आकडा तोंडातील आकड्याहून थोडा कमी येतो, म्हणून रोज एकाच जागी मोजावे. दुकानाच्या दारी कपाळावर रोखली जाणारी पिस्तुलासारखी यंत्रे केवळ त्वचेची उष्णता सांगतात. मे महिन्याच्या उन्हातून लश्करात आलेल्या गिऱ्हाइकाचे कपाळ तापलेलेच असते, आणि तापाची गोळी घेऊन आलेल्याचे गार असते.

आता चाचणीच्या पेटीकडे वळू. पुण्याच्या मायलॅब संस्थेची ‘कोव्हिसेल्फ’ ही भारतात घरी वापरण्यास मान्यता मिळालेली पहिली पेटी. मे २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ती मान्य केली आणि तिची किंमत २५० रुपये ठेवण्यात आली. नाकपुडीत दोन ते चार सेंटिमीटर काडी घालून दोन्ही बाजूंस पाच-पाच वेळा फिरवावयाची, ती द्रवात घोळवावयाची, दोन थेंब पट्टीवर टाकावयाचे आणि पंधरा मिनिटे थांबावयाचे. ‘सी’ जवळची रेघ म्हणजे पट्टी ठीक चालली. ती नसेल तर चाचणी बाद. ‘सी’ व ‘टी’ अशा दोन्ही रेघा आल्या तर रोग आहे. वीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ हिशेबात धरू नये.

येथे पुष्कळांची गफलत होते. ही चाचणी विषाणूचा विशिष्ट भाग पुरेशा प्रमाणात असेल तरच पकडते. म्हणून तिचा होकार पक्का मानावा, परंतु लक्षणे असताना आलेला नकार पक्का मानू नये. परिषदेनेही अशा व्यक्तीने प्रयोगशाळेतील आर.टी.-पी.सी.आर. चाचणी करावी असे सांगितले होते. तराजूत माल न दिसला म्हणजे कोठार रिकामे, असे कोणता व्यापारी म्हणेल?

याहून कठीण प्रश्न मनाचा आहे. दोन रेघा दिसल्या म्हणजे दुकान बंद, ठरलेले कार्य पुढे, गडीमाणसांस घरी बसविणे भाग. तेव्हा पट्टी केराच्या टोपलीत टाकून गल्ल्यावर बसण्याचा मोह होतो, आणि तो आपणांपैकी कोणास झालाच नसेल असे म्हणवत नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटी नोंद, सांगितली आहे. आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत मापात कमीअधिक करणे सांगितले आहे. आजाराचा आकडा बदलून लिहिणे ही कूटलेखक्रियाच होय. तिचे व्याज समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या घरातील वृद्धास भरावे लागते. अहिंसेची गोष्ट येथे शास्त्रार्थाची उरत नाही. ती गल्ल्यावर बसण्या-न बसण्याची होते.

उपवास करणाऱ्यांसाठी दोन शब्द. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्याने पर्युषणात अथवा दशलक्षणात उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे आणि ग्लुकोमीटरचा आकडा त्याच वहीत लिहावा. कोविडच्या उपचारातील स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते; २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस पसरण्यामागे अनियंत्रित साखर हे एक मोठे कारण होते.

आपला धंदा विक्रीचा, म्हणून हेही स्मरावे. जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, रक्तदाबमापक, नेब्युलायझर आणि डिजिटल तापमापक ह्या पाच वस्तूंवर व्यापारी नफ्याची ७० टक्के मर्यादा सरकारला घालावी लागली. हा नियम कोणामुळे आवश्यक झाला, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. रोग मात्र संपला नाही, आणि पुढची साथ कोणत्या नावाने येईल ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून येत्या वहीपूजनास दुकानाच्या वहीबरोबर एक साधी वही घरासाठीही आणावी. तीत डॉक्टरांचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक पहिल्या पानावर लिहावा, यंत्रांतील विद्युत्घट तपासून ठेवावेत, आणि घरातील निदान दोन व्यक्तींना माप घेण्यास शिकवावे. आकडा जसा दिसेल तसाच लिहावा, आणि त्याने जे सांगितले ते त्याच दिवशी करावे.