गेमचे परीक्षण वाचताना...

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा 'सायबरपंक २०७७' हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी जगभर विक्रीस आला, तेव्हा त्याच्या ८० लाख प्रतींची नोंदणी आधीच झालेली होती. तीन दिवस अगोदर प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांतील गुणांची सरासरी शंभरपैकी नव्वदच्या घरात होती. प्रत्यक्षात प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर खेळणाऱ्यांच्या पदरी पडला तो अडखळणारा, मध्येच बंद पडणारा गेम. १८ डिसेंबरला सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले.

परीक्षकांनी लबाडी केली होती काय? तसे म्हणता येत नाही. कंपनीने त्यांना केवळ संगणकावर चालणारी प्रत दिली होती, शिवाय स्वतः टिपलेली दृश्ये दाखवण्यास मनाई केली होती. चांगल्या संगणकावर जे दिसले ते त्यांनी लिहिले. काहींनी ही अट नमूदही केली होती, पण गुणांचा आकडा पाहूनच समाधान पावलेला वाचक तिथवर पोचला नाही! परीक्षण कोणत्या यंत्रावर खेळून लिहिले आहे, हे गुणांच्या आधी पाहिले पाहिजे ते यासाठी.

परीक्षण केव्हा येते, हेही बोलके असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये युबिसॉफ्टच्या 'असॅसिन्स क्रीड युनिटी'ची परीक्षणे अमेरिकेत विक्री सुरू होऊन सुमारे बारा तास उलटेपर्यंत प्रसिद्ध करण्यास बंदी होती. बंदी उठल्यावर गेममधील दोषांचीच चर्चा अधिक झाली.

जाहिरातीचा प्रश्न याहून जुना आहे. गेमस्पॉट या संकेतस्थळाचे जेफ गर्स्टमन यांनी २००७ मध्ये 'केन अँड लिंच'ला दहापैकी सहा गुण दिले. त्याच गेमच्या जाहिराती तेव्हा संकेतस्थळावर झळकत होत्या. गर्स्टमन यांची नोकरी गेली, आणि त्यामागे जाहिरातदारांचा दबाव होता हे त्यांनी २०१२ मध्ये उघडपणे सांगितले. पुढे यूट्यूब आले, तरी रीत बदलली नाही. 'शॅडो ऑफ मॉर्डोर'साठी पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रफितींत ती बाब पुरेशी उघड केली नाही, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सवर ठेवला. गेममधील दोष दाखवू नयेत, अशी सूचनाही त्या यूट्यूबकरांना होती.

मग सामान्य खेळाडूंच्या मतावर विसंबावे, तर तेथेही लाटा येतात. मे २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स २'वर स्टीमवर दोन लाखांहून अधिक नकारात्मक शेरे जमा झाले. गेम तोच होता. राग होता तो सोनीच्या खात्याच्या सक्तीवर. ती मागे घेतल्यावर पुष्कळांनी आपले शेरे बदलले. तरीही स्टीमची एक सोय मोलाची आहे. शेरा लिहिणारा किती तास खेळला, हे तेथे दिसते. चाळीस तास खेळून कंटाळलेल्याचे म्हणणे आणि वीस मिनिटांत संतापलेल्याचे म्हणणे एकाच मापाने मोजण्याचे कारण नाही.

जुने परीक्षण उलट्या बाजूनेही चकवते. 'सायबरपंक' जून २०२१ मध्ये सोनीच्या दुकानात परतला आणि सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या सुधारणेनंतर त्याचे रूपच पालटले. परीक्षणावरील तारीख म्हणून पाहावी. स्टीमवर तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. चार-पाच हजार रुपये मोजणाऱ्याने निदान ते दोन तास स्वतः परीक्षक व्हायला हरकत नाही.