करसवलत शहराला, प्रतीक्षा गावाला

जिथे नफाच नाही, तिथे नफ्यावरील करमाफीचे आमिष काय कामाचे? ग्रामीण ब्रॉडबँडच्या धोरणातील हा कळीचा प्रश्न आहे.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०-आयएने १ एप्रिल १९९५ ते ३१ मार्च २००५ या काळात सुरू झालेल्या दूरसंचार सेवांना, ब्रॉडबँड व इंटरनेटसह, पहिली ५ वर्षे नफ्यावर १०० टक्के आणि पुढील ५ वर्षे ३० टक्के वजावट दिली. तीत भूगोलाची अट नव्हती. मुंबईचे उपनगर आणि गडचिरोलीतील पाडा कायद्याच्या लेखी सारखेच ठरले. भांडवल साहजिकच नफ्याकडे वळले. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २०१० पर्यंत २ कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट ठेवले. मजल निम्म्याच्या जरा पुढे गेली.

दुसरा मार्ग थेट निधीचा. सार्वत्रिक सेवा दायित्व निधीला २००३ मध्ये वैधानिक आधार मिळाला. कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के आकारणी प्रथम भारताच्या संचित निधीत जाते आणि संसदेने विनियोजन केल्यावरच खर्चाला मिळते. त्यातूनच २०११ मध्ये ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची, पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली गेलेली योजना आली. २०२३ मध्ये सुधारित योजनेस १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. त्याच वर्षीच्या दूरसंचार कायद्याने निधीचे ‘डिजिटल भारत निधी’ असे नामांतर केले.

खर्चाची मागणी दरवर्षी सभागृहासमोर येते. एकदा दिलेली सवलत मात्र मुदतभर निमूटपणे चालू राहते. म्हणूनच यापुढे सवलत द्यायचीच, तर ती नफ्याशी नव्हे, प्रत्यक्ष जोडलेल्या गावांशी बांधली पाहिजे.