शिट्टी हाती घेण्यापूर्वी

अमेरिकेत स्थायिक झालेला आपला मुलगा वा जावई पन्नाशीत अमेरिकन फुटबॉलचा पंच होऊ इच्छितो, असे कळले तर दचकू नका. शालेय सामन्यांसाठी तेथे पंचांची उणीव असते. या वयातील नवशिक्यांचेही स्वागत होते. मात्र तीन गोष्टी त्याला अवश्य सांगाव्यात.

पहिली देहाची. हंगाम ऑगस्टच्या उन्हाळ्यात सुरू होतो. माध्यमिक शाळांच्या सामन्यात 12 मिनिटांची चार सत्रे असली, तरी घड्याळ थांबत असल्याने खेळ दोन तासांहून अधिक लांबतो. म्हणून आधीच हृदय व रक्तदाब तपासून घ्यावा. चालणे, धावणे हळूहळू वाढवावे. तहान लागण्यापूर्वी पाणी प्यावे. छातीत जड वाटले वा भोवळ आली, तर भीड न बाळगता तत्काळ थांबावे.

दुसरी डोळ्यांची. खेळाडूंच्या गर्दीत चेंडू प्रत्यक्ष दिसल्याशिवाय शिट्टी फुंकू नये. चुकून वाजलेल्या शिट्टीनेही खेळ थांबतो. आरंभी लहान मुलांचे सामने घ्यावेत.

तिसरी मनाची. कडेला उभे असलेले पालक ओरडतात आणि त्या बोलण्याने खचून अनेक नवे पंच मैदान सोडतात. तो राग पट्टेरी सदऱ्यावर असतो, आतल्या माणसावर नव्हे.

आणि आपण काय करावे? रात्री त्याचा फोन आला, तर ‘कोण जिंकले?’ असे विचारू नये. ‘फार दमलास का रे?’ एवढेच विचारावे. मग शांतपणे ऐकावे.